ओव्याची थेरपी

मंगळवार, संध्याकाळ

सायनसनं कपाळ ठणकतंय, त्यात बारामतीहून धाकटे दीर आले. चार व्हिडिओ पाहून थेरपिस्ट झालेत म्हणे. आले तेच नाक ओढत. उशीजवळची माझी ओव्याची पुरचुंडी बघून हसले. "वैनी, अजून हे गावठी हुंगताय? हे घ्या, इसेन्शियल ऑइल." बाटलीवरचं बारीक इंग्रजी वाचलं, तर ओव्याचंच तेल. तसं म्हटलं, तर म्हणतात, "तो नुसता ओवा हाय, ही थेरपी हाय." सासूबाई चुलीपुढून म्हणाल्या, "मग भज्यात थेरपी घालू का?" दिरांना टोमणा कळेल तर ना. भजी मात्र चापून खाल्ली, नाक ओढत ओढत.

आता हुंगायला पुरचुंडी शोधतेय, तर उशीपाशी नुसती बाटली. पुरचुंडी थेरपिस्टांनी नेली.