रंजक्याची बरणी

आत्याबाई, आज रंजका घातला. पलूसच्या बाजारातनं ओल्या लाल मिरच्या आणल्या, एकेक पुसून कोरडी केली, लसणाबरोबर कुटली, लिंबं पिळली, आणि हाताची आग आग झाली तेव्हा तुमची आठवण आली. तशी आग झाल्याशिवाय तुमची आठवण मला येतच नाही. सासू मेली की सून तिचे गुण गाते म्हणतात. मी नाही गाणार.

दुष्काळ सरला त्या साली मी मलकापूरहून तुमच्या घरी नांदायला आले. तेव्हाही मिरच्या मीच कुटल्या. तुम्ही उंबऱ्यात बसून, "हात चालव की, म्हायेरी झोपा काढत हुतीस व्हय?" म्हणत होता. पुढं बरणीत बुरशी धरली. धरणारच! पाण्यातनं काढलेली ओली पळी तुम्हीच तशीच बरणीत घातलेली मी बघितली होती. पण तुम्ही बरणी उचलून थेट गल्लीत आणलीत आणि ओरडलात, "बघा गं बायांनो, कावळा शिवल्याला असताना बरणीला शिवली ही! नासका हात हाय हिचा!" पाळीत मी बरणीकडं फिरकलेही नव्हते. "आवं, मी न्हाई वो," एवढंच तोंडातनं निघालं. तुमचे चिरंजीव फौजेत, सांगायचं कुणाला?

तेव्हापासून मी नासक्या हाताची. पापड लाटायला शेजारणी सगळ्यांना हाक मारायच्या, मला सोडून. धाकट्या भावजींच्या लग्नात हळद कुटायला बसले, तर पाहुण्यांदेखत तुम्ही माझ्या हातातलं मुसळ काढून घेतलंत. पुढं अंथरुणाला खिळलात, तुमचं सगळं याच हातानं काढलं. तेव्हा बरा नासला नाही तो!

शेवटी तुमच्या तोंडाची चव गेली. "वाईच रंजका दे गं," म्हणालात. माळ्यावर माझी चोरून घातलेली बरणी होती. बोटभर काढून तुमच्या जिभेवर ठेवला. तुम्ही डोळे मिटून चोखताय, मी बघतेय. "कुणाच्या हातचा गं?" तुम्ही विचारता. मी अगदी कानाशी वाकून सांगते, "नासक्या हातचा हाय, आत्याबाई. माझ्या." आता थुंकलात तर बेचव तोंडानं मराल, गिळलात तर हराल. दोन्हीकडनं माझीच सरशी. लय बरं वाटलं मला त्या घडीला, खोटं कशाला बोलू?

तुम्ही गिळलात. ओठावरनं जीभ फिरवलीत आणि म्हणालात, "मीठ कमी पडलंय."

त्याच आठवड्यात गेलात. "चुकलं माझं" एवढं म्हणायला काय जीभ झडली असती?

हा कागद कुणाला दाखवायचा नाही, उद्या बंबात घालीन. पण मघाशी बरणीला फडकं बांधायच्या आधी रंजका चाखला, आणि वरनं अजून मूठभर मीठ घातलं. त्या दिवशीही कमीच पडलं होतं.