स्लॅबवर अनवाणी

प्रिय दादा,

तू होतास तेव्हाच माझी पत्रं अर्धी वाचून खिशात कोंबायचास, म्हणून तू गेल्यावर कधी लिहिलं नाही. आज मात्र लिहिल्याशिवाय घास खाली उतरायचा नाही. आज रामदासपेठेत मिलिंदच्या कामाचा स्लॅब होता. हो, तुझाच मिलिंद. तू गेलास तेव्हा रांगत होता, आता सेंट्रिंगच्या फळ्या ठोकतो. शाळेत टिकावा म्हणून मी आणि वहिनीनं काय कमी डोकं फोडलं? कोणावर गेलाय ते तुला सांगायला नको.

स्लॅबचा दिवस म्हणजे तुम्हा लोकांचा सणच. वर जाऊन हळदकुंकू वाहायचं, नारळ फोडायचा, आणि एकदा पूजा झाली की त्या स्लॅबवर कोणी चप्पल घालून चढायचं नाही. मग दिवसभर ओल्या सिमेंटमध्ये, सळ्यांमध्ये, उलट्या पडलेल्या खिळ्यांमध्ये अनवाणी पाय. हा कसला सण रे?

तुझं तर मला अजून कोडं आहे. बाबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि देव्हाऱ्यातले देव नदीत सोडून आले. घरात त्यानंतर उदबत्तीसुद्धा लागली नाही. आणि तू ठेकेदाराच्या नारळापुढे मुकाट्यानं चपला काढायचास. मी विचारलं तर म्हणालास, "देवाले नाही वं कमल. ज्याच्या भरोश्यावर आपलं पोट चालते, त्याच्यावर जोडा घेऊन कसा चढू?" तेव्हा मला ते फार मोठं वाटलं होतं. आज तू समोर असतास तर भांडले असते. घर तुझ्या जिवावर चाललं होतं दादा, त्या स्लॅबच्या नाही.

सीताबर्डीच्या त्या दुकानांच्या स्लॅबवर तुझ्या तळव्यात खिळा घुसला. तू तो उपटलास, पूजेच्या दिव्यातलं गरम तेल सोडलंस, हळद-चुना भरून चिंधी बांधलीस आणि पुन्हा कामाला लागलास. का, तर स्लॅब मधात थांबवत नाहीत. इंजेक्शन घ्यायला जा असं तुला एकानंही म्हटलं नाही. मुकादमानं नाही, ठेकेदारानं नाही, बरोबरच्या कोणीही नाही. माझ्या वर्गातलं पोर ग्राउंडवर पडलं, गुडघा फुटला, तरी मी त्याला आधी दवाखान्यात पाठवते. तू तर घरचा कर्ता माणूस होतास.

पुढच्या आठवड्यात वहिनीनं भाकर वाढली आणि तुझं तोंड उघडेना. तिला वाटलं, तू रुसलास. आदल्या दिवशी भाजीवरून तुमची कुरबूर झाली होती ना, म्हणून. ती बिचारी कितीतरी वेळ तुझी मनधरणी करत बसली. "खाऊन घ्या ना, आता नाही बोलत मी," म्हणत राहिली. धनुर्वातानं तुझा जबडा धरलाय हे तिला कोण सांगणार? दवाखान्यात नेईपर्यंत उशीर झाला होता. ती अजून कोणी जेवताना गप्प बसलं की घाबरते. आणि तुझा ठेकेदार काय म्हणाला माहीत आहे? पाय घरी गेल्यावर बिघडला, कामावर नाही.

आज मी शाळेतून अर्धी सुट्टी काढून गेले. जिन्याखाली चपलांचा ढीग पडायला लागला होता आणि मिलिंद आपल्या चपला काढत होता. मी त्याचा दंडच धरला. तो लाजला. "आत्या, सारे काढून राहिले. मी एकटाच घालून जाऊ काय? हसतीन मले."

मिलिंदचा ठेकेदार तिथंच खुर्ची टाकून बसला होता. त्याला म्हटलं, या माणसांच्या पायात काहीतरी द्या. तो म्हणाला, "बाई, बूट आणून ठेवले ना मी. खोलीत पडून आहेत. हेच घालत नाहीत, त्याले मी काय करू?" जाऊन पाहिलं तर खरंच होते. काळे रबरी बूट, नवे कोरे, जोडीजोडीनं सुतळीत बांधलेले. माझं डोकंच फिरलं. बूट नाहीत म्हणून भांडायला गेले होते, आता भांडू कोणाशी?

म्हातारा मुकादम नारळ घेऊन जिना चढायच्या बेतात होता. मी आडवी उभी राहिले. म्हटलं, "मुकादम, नारळ इथं खालीच फोडा, मिक्सर मशीनपाशी."

"अन् स्लॅबची पूजा?"

"मशीन बंद पडली तर स्लॅब होते काय? तिचीच पूजा करा. वर पूजा झालीच नाही, तर वर जोडे चालतात ना?"

त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग डोक्यावर आलेल्या उन्हाकडे पाहिलं. "मशीनचीही करतेत म्हणा कोणी कोणी," असं काहीतरी पुटपुटला आणि नारळ मिक्सरच्या चाकापाशी फोडला. झालं. कोणी भांडलं नाही, कोणाचा देव कोपला नाही. खोलीतून बूट निघाले आणि तुझा मिलिंद ते घालून वर गेला.

मी तिथंच विटांवर बसून रडले. आनंदानं नाही, संतापानं. एवढंच होतं का रे? नारळ एक जिना खाली आणायचा, बस? याच्यासाठी तू गेलास?

आणि पुरतं समाधान आजही मिळू दिलं नाही या लोकांनी. घमेली वाहणाऱ्या छत्तीसगडच्या बाया तशाच अनवाणी चढत होत्या. विचारलं तर ठेकेदार म्हणाला, "बायांच्या मापाचे येतच नाहीत." त्यातल्या एकीनं बोटांच्या बेचक्यांत सिमेंटनं पडलेली भोकं दाखवली आणि वर मलाच समजावलं, "आदत हो गई है, बाई." तुझ्यासारखंच मला समजावणं, फक्त भाषा वेगळी.

म्हणून तुला शब्द देते, दादा. याच बिल्डिंगचा वरचा स्लॅब महिन्याभरात आहे. त्या दिवशी मी पूर्ण सुट्टी टाकणार आणि त्या जिन्यातच बसणार. बायांच्या पायांत बूट चढल्याशिवाय माझ्या अंगावरून एक घमेलं वर जाणार नाही. मिलिंद म्हणतो, आत्या, माझं काम जाईल. गेलं तर जाऊ दे. घरी बसेल, पण जेवताना तोंड उघडेल त्याचं.

तुझ्यावर अजून रागावलेली,
कमल