फरक फक्त खिडकीचा

सोमवार, ३ तारीख
शाळा झकास आहे. प्रयोगशाळेत प्रत्येक बरणीला चिठ्ठी, प्रत्येक स्टुलाला नंबर. आम्हा दोघी बहिणींना बघून मुख्याध्यापिकाबाई इतक्या खूश झाल्या की मला हसूच आलं. त्यांना जुळ्याच शिक्षिका हव्या होत्या म्हणे. विज्ञानाची जागा मात्र एकच. महिनाभर दोघींनी शिकवायचं, मग एकीला कायम करणार. मी धाकटीपेक्षा दहा मिनिटांनी मोठी, पण आईने जन्मभर झुकतं माप तिलाच दिलं. या खेपेला मी सोडणार नाही.

राहायला शाळेतच, शेजारशेजारच्या खोल्या. खाट, टेबल, पाण्याचा तांब्या, जेवण, सगळं अगदी सारखं. तिच्या खोलीला तेवढी मोठी खिडकी आहे, माझ्या खोलीला एकही नाही. नशीबच तिचं.

बुधवार, ५
सातवीला चल, म्हणजे प्रयोगात बदलणाऱ्या गोष्टी, शिकवले. घेवड्याच्या बिया दोन कुंड्यांत पेरल्या. माती एकच, पाणी मोजून तेवढंच. एक कुंडी उजेडात, दुसरी कपाटात. आपण मुद्दाम बदलतो तो एक चल, इथे उजेड. त्यामुळे जी बदलते ती रोपाची वाढ, तो दुसरा. बाकी काही म्हणजे काही हलवायचं नाही, नाहीतर कशामुळे काय झालं ते कळत नाही. मुलांना पटलं. तरी तास संपल्यावर गराडा पडला तो धाकटीभोवती.

प्रयोगशाळा सांभाळणाऱ्या मामांनी एप्रनसाठी दोघींची मापं घेतली.

सोमवार, १०
मामा पुन्हा टेप घेऊन आले. मी चांगली दोन बोटं उंच भरले. या वयात. मामांनी आकडा टिपला. माझा चेहरा पांढराफटक पडलाय आणि धाकटीच्या गालांवर तजेला. मी खोली बदलून मागितली, तर बाई म्हणाल्या की आता मध्येच बदलता येणार नाही. धाकटी म्हणाली, दिवसा माझ्या खोलीत येऊन बस. तिची दया नको मला.

शुक्रवार, १४
एप्रनच्या बाह्या कोपरापर्यंत आल्या. बाईंनी मला वर्गावर जायला मनाई केली, विश्रांती घ्या म्हणे. दिवाही काढून नेला. दाराखालच्या फटीतून उजेड येतो, त्यात लिहितेय. धाकटी बाहेरून रडत म्हणाली, आपण घरी जाऊ या. बरी आहे की. मी निघाले की जागा तिलाच.

सोमवार, १७
मान फटीकडे वळते. सरळ केली तरी वळते.

बाई आज त्यांची वही इथेच विसरल्या. आत दोन रकाने. एकावर लिहिलंय खिडकी आहे, दुसऱ्यावर खिडकी नाही. खाली तारीखवार आमची उंची, वजन, कातडीचा रंग. मी किंचाळायला हवं होतं. पण मी आधी तिचे आकडे वाचले. सगळे चांगले होते. सगळे.

गुरुवार, २०
धाकटी वर्गावर गेली तेव्हा भिंत धरधरून तिच्या खोलीत गेले. तांब्यात मीठ टाकलं. चव कळणार नाही इतकंच. रोज टाकणार.

शनिवार, २२
ती सुकली. ओठ, बोटं, पापण्या— मला बरं वाटलं. लिहूनच ठेवते, बरं वाटलं. पाय आता धरत नाहीत. धरून उभं राहायला काठी मागितली, तर बाई म्हणाल्या, आधार एकीलाच देता येणार नाही.

सोमवार, २४
मामांनी तिच्या तांब्यातलं पाणी चाखलं. बाई रागावल्या नाहीत. दोन गोष्टी बदलल्या, आता हे आकडे काही कामाचे नाहीत, एवढंच म्हणाल्या. नवी जोडी यायची आहे. त्याही जुळ्या. मामांना सांगितलं, की या दोन्ही उपटून खोल्या मोकळ्या करा—

मंगळवार
शेजारी खाट सरकली. मग मुळं तुटल्यासारखा आवाज— धाकटी हाक मारतेय, ताई म्हणून. आजवर कधी ताई म्हणाली नव्हती. मला उठता येत नाही— येत नाही—

शांत झालं.

मामांची पावलं. दार— केवढा हा उजेड. अंगभर. हा तिला रोज मिळत होता, रोज, आणि मला मात्र