कुंकवाचा ठिपका

बाबा, काल भाची अमडापूरच्या एका लग्नाचे फोटो कॉम्प्युटरवर निवडत बसली होती. डोळे मिटलेले बाजूला, हललेले बाजूला, मग एकेका चेहऱ्यावरचे डाग बसल्या जागी गायब. चुकलं की बटण दाबून मागे. मी म्हटलं, तुझे आजोबा हेच काम पेन्सिलीने करायचे. ती म्हणाली, माहीत आहे, आईने सांगितलंय. आईने. तुमच्या चिखलीच्या फोटो स्टुडिओत वाढले मी, आणि सांगायचा मान तिच्या आईचा, वहिनीचा. या वयातही पोटात दुखलं, म्हणून लिहायला बसले.

लग्नसराई सुरू झाली की निगेटिव्हांचा ढीग माझ्यापुढे यायचा. मॅट्रिकपासून ते काम माझंच. निवडायच्या, पाकिटात घालायच्या, वर गाव आणि घर लिहायचं. मधल्या खोलीत खिडकीपाशी रिटचिंगचं, निगेटिव्हवरचे डाग पेन्सिलीने बुजवायचं, उतरतं टेबल होतं, त्यावर तुम्ही. तुमची नजर अधू व्हायला लागली तेव्हा ती पेन्सिल माझ्याकडे येणार हे मी धरूनच चालले होते. तुम्ही आम्हा दोघींना एकेक वाया गेलेली निगेटिव्ह दिलीत. वहिनीला घरात येऊन वर्षही झालं नव्हतं. दोन्ही उजेडात धरून तुम्ही म्हणालात, "सूनबाईचा हात लय हलका हाय." माझ्या हाताबद्दल चांगलं नाही, वाईट नाही, काहीच बोलला नाहीत. त्या दिवसापासून ती टेबलावर आणि मी जमिनीवर, पाकिटांपाशी.

ती तुमच्याशी समोरासमोर बोलत नसे. सासऱ्याशी सुनेने बोलायचं नाही, ही आपल्याकडची रीत. ती पदराआडून मला सांगायची, मी तुम्हाला सांगायचे, तुमचं उत्तर परत तिच्याकडे. तुम्ही केलेलं तिचं कौतुकसुद्धा मीच पोचवत होते, बाबा.

मग ते लग्न आलं. वरमाईच्या तोंडावर देवीचे व्रण होते. निगेटिव्हवर सगळं उलटं दिसतं. व्रणांच्या जागी काचेसारखे मोकळे ठिपके, आणि कुंकवाच्या जागीही तसाच, जरा मोठा. वहिनीने सगळे ठिपके पेन्सिलीने बुजवले, त्यात तोही. नेहमीप्रमाणे निगेटिव्ह माझ्याकडे तपासायला दिली. मी खिडकीकडे धरली आणि मला लगेच दिसलं, छापल्यावर कपाळ कोरं येणार. कापसाला टर्पेंटाइन लावून पुसायचं, दोन मिनिटांचं काम. मी ती पाकिटात घातली आणि वर गाव लिहिलं.

फोटो गेले आणि आठवड्याभरात त्या बाईंचा नवरा एसटीने चिखलीला आला. आरडाओरडा केला नाही. फोटो तुमच्यापुढे ठेवला आणि म्हणाला, "मी अजून जित्ता हाव ना हो." सुनेच्या पहिल्या सणाला आलेल्या बायांनी तो फोटो हातोहात पाहिला होता, आणि त्याची बायको तेव्हापासून जेवत नव्हती. तुम्ही उभे राहून हात जोडलेत. तुम्हाला कुणापुढे हात जोडताना मी तेव्हाच पाहिलं.

तो गेल्यावर तुम्ही मला म्हणालात, "इचार तिले, कुंकू दिसलं नाही काय?"

मी आत गेले. वहिनी रडत नव्हती. खाली बघत म्हणाली, "सांगा, माह्यं चुकलं. पण मी तुमाले पाहाले देल्ली होती, थेही सांगा."

मी बाहेर आले आणि म्हटलं, "चुकलं म्हणते."

एवढंच. निम्मा निरोप मी उंबऱ्यातच गिळला. दुसऱ्या दिवशी पेन्सिल माझ्या हातात आली आणि तुम्ही जाईपर्यंत माझ्याकडेच राहिली. माझं काम चांगलं झालं असेल, वाईट झालं असेल. तुम्ही उजेडात धरून बघत होतात, ठेवून देत होतात. हलका हात पुन्हा कुणाचाच म्हणाला नाहीत.

आपल्या घराच्या भिंती केवढ्याशा. माझं उत्तर वहिनीने ऐकलं असणारच. इतक्या वर्षांत ती त्यावर एक शब्द बोललेली नाही, लेकीलाही तिने हे सांगितलेलं दिसत नाही. हे पत्र तुमच्यापर्यंत काही यायचं नाही. पलीकडच्या खोलीत जाऊन तिला वाचून दाखवता येईल, आता तिला कमी दिसतं. पण ती लगेच म्हणेल, जाऊ द्या ताई, आणि तुमच्या नजरेत पुन्हा तीच मोठी ठरेल. ते मला अजून बघवणार नाही.