अकरा-दहाचा उभार

३ मार्च, सोमवार
आजपासून दोन संकल्प. एक, समिती यायच्या आत या स्टेशनातून जगाला काहीतरी दाखवायचं. दोन, सिगारेट पूर्ण बंद. खरं म्हणजे गेल्या वर्षी हृदयात स्टेंट बसवला तेव्हाच गेटबाहेरच्या टपरीवरची सिगारेट बंद झाली. बायकोला तसा शब्द दिला आहे. आता फक्त उरलंसुरलं बंद करायचं.

समिती ९ एप्रिलला येणार. इन्स्टिट्यूटच्या गच्चीवरचं आमचं हवेतले कण मोजणारं स्टेशन चालू ठेवायचं की यंत्रं उचलून दुसरीकडे पाठवायची, ते तिघे एका सकाळी ठरवणार. माझ्या अठरा वर्षांच्या नोंदी आहेत. डायरेक्टर म्हणाले, नोंदी आहेत हो, पण त्यातून निघालं काय?

५ मार्च, बुधवार
निघालं.

रोज अकरा-दहाच्या सुमाराला कणांची संख्या एकदम चढते, सात-आठ मिनिटं वर राहते आणि उतरते. वारा पश्चिमेचा असला की जास्तच. पश्चिमेला टेकड्या, टेकड्यांवर दाट झाडी. ऊन चढलं की झाडं वाफा सोडतात, त्यातून कण तयार होतात, आणि ढगातला प्रत्येक थेंब अशाच एखाद्या कणावर धरतो. म्हणजे जंगल आपले ढग आपणच पेरतं, आणि तेही घड्याळ लावून. आधीच्या सतरा वर्षांत असा उभार एकदाही नाही, सुरुवात बरोबर गेल्या वर्षी. हवामान बदलतंय याचा आणखी काय पुरावा हवा?

शांत होण्यासाठी गच्चीवर जाऊन इनलेटची, म्हणजे हवा आत ओढणाऱ्या नळीची, पाहणी केली. पश्चिमेकडच्या पाण्याच्या टाकीआड उभं राहिलं की इनलेट चार पावलांवर असतो आणि खालून कुणाला आपण दिसत नाही. अर्धी. अर्धी धरत नाही.

७ मार्च, शुक्रवार
शोधाला नाव दिलं: ‘अकरा-दहाचा उभार’. साधं आणि लक्षात राहील असं.

टेक्निशियनला सांगितलं. निवृत्तीला दोन वर्षं उरलेला, किडकिडीत, बोलला की टोचणारा. मनातल्या मनात मी त्याला टाचणी म्हणतो. त्याने विचारलं, गच्चीवरची वही पाहिलीत का सर? वर कोण आलं, किती वाजता, कशासाठी, हे वहीत लिहायचं असा नियम मीच केला आहे, कारण माणसाच्या वावराने यंत्रं फसतात. वही पाहिली. अकरा-दहाला कुणाचीही नोंद नाही. एकदम स्वच्छ. मी माझी नोंद करत नाही. नियम करणाराच नियमात अडकला तर कामं कशी व्हायची?

टाचणी नुसतं बरं म्हणाला. त्याचं बरं मला आवडत नाही.

११ मार्च, मंगळवार
घरात पाऊल टाकतो तोच बायकोने विचारलं, आज दोन का? मी हबकलो. पुदिन्याच्या गोळ्या खाल्ल्या होत्या. ऑफिसात ठेवलेला दुसरा शर्ट घातला होता. हिच्या नाकापुढे आमची यंत्रं काहीच नाहीत. शिवाय दोन नव्हत्याच, दोन अर्ध्या होत्या, म्हणजे एक. ती शाळेत गणित शिकवते, तिला हा हिशोब पटायला हवा होता. सांगायचं धाडस झालं नाही.

विषय बदलावा म्हणून तिच्या मोबाइलवर स्टेशनचं लाइव्ह पेज उघडलं. ते मीच गेल्या वर्षी तिला लावून दिलंय, माझं काम घरी कुणी बघत नाही म्हणून. उभारावर बोट ठेवून म्हटलं, हा माझा शोध. ती बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, हो, हा मी रोज बघते.

ऊर भरून आला. अठरा वर्षांत घरातून पहिल्यांदाच दाद मिळाली.

१९ मार्च, बुधवार
तीन दिवस तापाने घरी. तिन्ही दिवस रेषा सपाट. वारा पश्चिमेचा, ऊन रणरणतं, तरी सपाट. पडल्या पडल्या खूप विचार केला. निष्कर्ष: हवेत ओलावा जास्त असणार.

बायको मात्र रजा काढून घरी आणि तिन्ही दिवस भलतीच खुशीत. गुणगुणत काय होती, मला भात कालवून काय देत होती. नवरा तापाने फणफणलेला असताना इतकं खूश असणं शोभत नाही.

२४ मार्च, सोमवार
उभार वाढत चालला आहे. आधी दिवसाला एक-दोन, आता चार. ११.१०, १.३०, ३.००, ४.४५. डायरेक्टरांनी केबिनमध्ये बोलावून झापलं त्या दिवशी तर सहा. समिती जवळ येतेय तसतसं जंगलही जोर लावतंय. निसर्ग शास्त्रज्ञाच्या बाजूने असतो, असं वाटून जरा धीर आला.

संकल्प दोन समितीनंतर. ऐन लढाईत सवयी बदलू नयेत.

२८ मार्च, शुक्रवार
काजळी मोजणारं यंत्र दुरुस्त होऊन आलं. टाचणी मागेच लागला, आजच जोडू. म्हणे, झाडांपासून झालेल्या कणांत काजळी नसते, काजळी दिसली तर तो धूर. मला शिकवतोय. मी म्हटलं, समितीनंतर. माझा माझ्या शोधावर विश्वास आहे, आणि विश्वास असल्यावर तपासत बसायचं कशाला?

जाता जाता तो म्हणाला, “सर, मी वेगळी एक नोंद ठेवलीय. समितीच्या आधी एकदा बघून घ्या. तुमच्या भल्यासाठी सांगतोय.”

तेही समितीनंतर, म्हटलं. दिवसभर ते वाक्य डोक्यातून जाईना. कसली नोंद? विचारलं असतं तर त्याने सांगितलं असतं. म्हणूनच विचारलं नाही.

८ एप्रिल, मंगळवार
जेवण जात नाही. स्टेशन गेलं तर मी कोण? रिकाम्या गच्चीचा प्रमुख.

पण योजना पक्की. उद्या स्लाइडबिइड काही नाही. मोठ्या स्क्रीनवर लाइव्ह रेषा लावायची आणि तिघांच्या डोळ्यांदेखत अकरा-दहाला उभार उठवायचा. टाचणीला बजावलं, उद्या गच्चीवर चिटपाखरूही फिरकता कामा नये. तो म्हणाला, म्हणजे सर, तुम्हीही खालीच? अर्थात, म्हटलं. काय एकेक प्रश्न विचारतो.

९ एप्रिल, बुधवार
१०.४० हॉल भरला. अध्यक्षबाई वयस्कर, जाड चष्मा, आवाज मऊ. मऊ आवाजाच्या माणसांची मला भीती वाटते.

११.०५ जंगल, वाफा, कण, ढग, सगळं सांगून झालं. बाई टिपून घेतायत. वारा पश्चिमेचा. देव पाठीशी आहे.

११.१० सपाट.

११.१८ सपाट. बाईंनी घड्याळ पाहिलं.

११.२५ मी म्हटलं, निसर्ग ऑफिसच्या वेळा पाळत नाही. बाई म्हणाल्या, पण तुमच्या म्हणण्याप्रमाणे तर हा पाळतो. डायरेक्टरांचे कान लाल झाले.

११.३० चहाची सुट्टी. इनलेट बघून येतो असं सांगून सटकलो.

११.३४ गच्ची. इनलेट ठणठणीत. वारा तोच. टेकड्याही जागच्या जागी. मग झालंय काय? एकच. आज पूर्ण. आजचा दिवस अपवाद.

११.४२ खालून गलका.

संध्याकाळी ६. जमेल तसं लिहितो. तीन-तीन पायऱ्या गाळत खाली आलो. स्क्रीनवर उभार, आजवरचा सगळ्यात उंच. मी दारातूनच म्हटलं, बघा, अर्धा तास उशिरा, पण आला की नाही? कुणी टाळी वाजवली नाही. उभाराखाली आणखी एक रेषा होती, काळी, तीही तितकीच चढलेली. टाचणीने सकाळीच काजळीचं यंत्र जोडून ठेवलं होतं.

बाईंनी विचारलं, “तुम्ही आत्ता कुठे होतात?”

इनलेटजवळ, म्हटलं. त्या माझ्या हाताकडे बघत होत्या. मुठीत लायटर तसाच होता.

मग टाचणीने त्याची वही टेबलावर ठेवली. सर गच्चीवर, ११.०८ ते ११.१६. सर गच्चीवर, १.२७ ते १.३५. वर्षभराची पानं. प्रत्येक ओळीसमोर एक उभार. एकही सुटला नव्हता. कुणी हसलं असतं तर बरं झालं असतं.

स्टेशन वाचलं. चार पावलांवरची एक सिगारेट इतकी अचूक पकडणारी यंत्रं आणि इतकी प्रामाणिक नोंद ठेवणारा माणूस असताना ते बंद करायचं कारण नाही, असं बाई म्हणाल्या. गेल्या वर्षीच्या नोंदींतून मला वगळायचं काम मलाच दिलं आहे. प्रमुखपदाचं नंतर कळवतील. निघताना टाचणीला विचारलं, आधी का नाही बोललास? तो म्हणाला, बोललो होतो सर. खरं आहे. बोलला होता.

१० एप्रिल, गुरुवार
काल घरी सगळं सांगायचं ठरवून गेलो होतो. सांगायची वेळच आली नाही. बायकोने तिची वही पुढे केली. शाळेची मधली सुट्टी अकराला होते, तेव्हा ती पेज उघडून बसते आणि उरलेलं घरी आल्यावर बघते. तारीख, आणि पुढे उभार किती ते. सपाट दिवसापुढे लाल पेनाने बरोबरची खूण, मुलांच्या वहीत करते तशी. रविवार-सुट्ट्या सोडून अख्ख्या वर्षात अशा खुणा एकोणीस.

मला वाटलं, आता सुटत नाही मी. पण तिचा आवाज चढला नाही.

“रेषा वर गेली की राग येतो,” ती म्हणाली. “आणि सपाट राहिली की भीती वाटते. सोडलीस म्हणून सपाट आहे की कुठे पडलायस म्हणून, ते त्या रेषेवरून मला कळत नाही.”

म्हणून तापाचे तीन दिवस ती खुशीत होती. रेषा सपाट आणि मी डोळ्यांसमोर. अठरा वर्षांत माझ्या नोंदी इतक्या जीव लावून कुणी वाचल्या नसतील. मला स्वतःची फार लाज वाटली.

संकल्प: एकच. आजपासून. उरलंसुरलंही नाही.

१५ एप्रिल, मंगळवार
११.०८ पार्किंग. इथे यंत्र नाही, इनलेट नाही, टाचणी नाही. पाच दिवस पाळलं, तेव्हा शास्त्रीय दृष्टीने पाहिलं तर

११.११ तिचा मेसेज: ‘सपाट आहे. बरा आहेस ना?’

११.१२ विझवली. इथे वही नाही म्हणून नोंद या वहीत करतो. पार्किंग, ११.०८ ते ११.१२. मी. अर्धी. धरली.

११.१४ हीच नोंद तिला पाठवली.

११.१९ तिचं उत्तर: ‘ठीक. आज खूण नाही.’