परत येणे कमी पडते

५ फेब्रुवारी
आज वीज उपकेंद्रावर रखवालदार म्हणून रुजू झालो. खोली लहान, परंतु नीटनेटकी आहे. एका अंगास फाटक, दुसऱ्या अंगास जाळीच्या आत ट्रान्सफॉर्मर. जावयाच्या घरी बसून खाणे मला मान्य नाही, हे मुलीला फोनवर स्पष्ट सांगितले. ती म्हणाली, बाबा, तुमच्याआधी तुमचा ताठा दारात उभा असतो! पुष्कळ हसलो.

८ फेब्रुवारी
ट्रान्सफॉर्मरमधले लोखंड का गुणगुणते, असे इंजिनिअर साहेबांना विचारले. त्यांनी माझी खाटच पुढे-मागे ढकलून दाखविली. विजेचा दाब म्हणजे ढकलणे. लोखंडातला फ्लक्स, म्हणजे चुंबकत्व, हे खाट कोठवर सरकली ते. दोन्हीकडचे ढकलणे समान, तर खाट जागेवर येते. त्यात तिळभर डी.सी., म्हणजे एकाच दिशेचा दाब मिसळला, की प्रत्येक फेरीत परत येणे कमी पडते. ती तूट साचत जाते. लोखंड भरले, की ओरडते.

१४ फेब्रुवारी
दहा तारखेला साहेबांच्या मीटरवर तिळभर डी.सी. सापडला. वरिष्ठांना कळवितो म्हणाले. आजोबा, तोवर या ट्रान्सफॉर्मरशी गप्पा मारा, अशी थट्टाही केली. त्यानंतर इकडे कोणी फिरकलेले नाही. आज सकाळी खाट जाळीकडील भिंतीला लागलेली होती. मीच सरकविली असेल.

१९ फेब्रुवारी
फाटकाच्या कडीला हात लावून परतावे, हा माझा नेम. आज हात कडीपर्यंत पोहोचला नाही. पाय आधीच वळले. परतताना खोली मागे पडली, जाळीशी थांबलो.

२१ फेब्रुवारी
मुलीचा फोन. जावयांनी खिडकीपाशी माझ्यासाठी पलंग टाकला आहे. रविवारी न्यायला येते म्हणाली. मी प्रथमच हो म्हटले.

२३ फेब्रुवारी
निम्म्या वाटेवरूनच वळलो. जाळीचे दार उघडे — मी उघडलेले नाही. गुणगुण आता दातांत जाणवते.

२४ फेब्रुवारी
ती फाटकाशी आली. हात पुढे करून, या ना बाबा, म्हणत होती. निघालो — दोन पावले, आणि मागे चार —
तीच आत येऊ लागली. मी ओरडलो, फाटकात पाऊल टाकू नकोस, मला यावयाचे नाही. तिला ताठाच वाटला. राहा मग एकटे, म्हणाली, आणि डोळे पुसत गेली.
बरे झाले. तिला परतता आले.
ट्रान्सफॉर्मरची टाकी उबदार आहे. पाठ टेकली आहे — मी टेकविलेली नाही. पुढे जाणे संपले, आता फक्त