यांची वकीलबाई

४ फेब्रुवारी, बुधवार

यांचा फोन वाजला! हे जाऊन तिसरा महिना चालू आहे. फोन मी रोज चार्ज करते – का, ते कुणी विचारू नये.

पलीकडे एक मुलगी. "वकीलबाईंच्या ऑफिसातून बोलतेय. मागच्या दोन्ही वेळा आला नाहीत. उद्या चारला जमेल ना?"

मी विचारलं, कुणाला जमेल?

"आपण कोण?"

म्हटलं, हा ज्यांचा फोन आहे त्यांची बायको. तिने फोनच ठेवला.

वकील? आमचं तर शेजाऱ्यांशीसुद्धा कधी वाजलं नाही.

५ फेब्रुवारी, गुरुवार

माझ्या फोनवरून तोच नंबर लावला. काम आहे म्हटलं – होतंच. पत्ता लगेच मिळाला.

औषधांच्या दुकानावर दुसरा मजला. दारावर पाटी – घटस्फोट, पोटगी, मुलांचा ताबा. वाचून पायरीवरच बसले. आमची मुलगी चाळिशीची, ताब्याचा प्रश्न नाही. पोटगी मी मागितली नाही. उरलं पहिलं.

वकीलबाई मुलीच्याच वयाची. टेबलावरचे सगळे कागद पालथे. मी सरळ विचारलं, माझे यजमान तुमच्याकडे कशाला येत होते?

"माझ्याकडे कोण येतं नि कोण नाही, हे मी सांगत नाही."

"अहो, ते गेले!"

तिने हातातलं पेन खाली ठेवलं. म्हणजे ओळखत होती. "फार वाईट वाटलं," म्हणाली. "पण तरीही नाही."

"बायकोलासुद्धा?"

"बायकोलासुद्धा."

तुमच्या ऑफिसातल्या मुलीने फोन केलाच की! तर म्हणे, ती तिची चूक झाली, मी त्यात भर घालणार नाही. पाणी पुढे केलं. प्यायले नाही. खाली उतरल्यावर तहान लागली.

हे दर गुरुवारी पाय मोकळे करायला जायचे. पायच मोकळे करत होते की आणखी काही?

६ फेब्रुवारी

आज यांच्या फोटोशी बोलले नाही. पुसला मात्र.

१० फेब्रुवारी

वाचनालयातून कायद्याचं पुस्तक आणलं. ग्रंथपाल म्हणाला, "मावशी, आता वकिली काढताय की काय?" म्हटलं, उलटतपासणीपुरती.

जिथे तिथे अडले, पण मुद्दा कळला. अशील, म्हणजे वकिलाकडे काम घेऊन येणारा माणूस, मेला तरी वकिलाचं तोंड बंदच. माणूस गेल्यावर त्याचा चष्मा कुणाला देता येतो, चपला देता येतात. वकिलापाशी बोललेलं तेवढं देता येत नाही. एरवी कोणी वकिलाला खरं सांगणारच नाही, असं पुस्तक म्हणतं. पटलं. पटलं म्हणून जास्त राग आला. खरं सांगायला घरात मी होते की!

१५ फेब्रुवारी, रविवार

यांची धाकटी बहीण आणि तिचा नवरा येऊन गेले. लग्न होऊन आले तेव्हापासून मी तिला वन्संच म्हणते.

भावजी बाहेर पेपर वाचत बसले. वन्संना स्वयंपाकघरात ओढलं आणि सगळं सांगून टाकलं. पांढऱ्याफटक पडल्या. "दादा? छे! वहिनी, तुमचं काहीतरीच!"

म्हटलं, बायकोला नाही तर नाही, सख्ख्या बहिणीला सांगेल. तुम्ही जा.

"मी? मला काय बोलता येतंय वकिलाशी?"

"नवऱ्याशी तरी कुठे येतंय? जा मुकाट्याने."

मग बाहेर येऊन मीच भावजींना म्हटलं, गुरुवारी वन्संना पाठवा, माझं काम आहे. "कसलं? किती वेळ?" म्हटलं, बायकांचं. "मग मी सोडतो की." म्हटलं, नको, तुम्ही असलात की त्या बोलत नाहीत.

भावजी हसले. वन्सं हसल्या नाहीत. भावजी गाडीत जाऊन बसले, हॉर्न वाजला, तशा अर्धा चहा ठेवून उठल्या.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

वन्सं वर गेल्या. मी खाली औषधांच्या दुकानाशी उभी. दुकानदाराने तीनदा विचारलं काय हवं, शेवटी खोकल्याची गोळी घेतली. खोकला नाही.

तासाच्या वर आत! मला पाच मिनिटांत वाटेला लावलं होतं. उतरल्या त्या रडून डोळे लाल करून.

"काही सांगितलं नाही हो तिने."

"काही न सांगायला तास लागला?"

"दादाची आठवण निघाली."

रुमाल दिला. माझा नवरा, तसा त्यांचा भाऊ. रस्ता ओलांडताना माझा हात गच्च धरला. "दादा तुम्हाला सोडून जाणारा नव्हता, वहिनी. एवढं धरून चला." कशावरून? "मी सांगते ना." बहीणच ती, आणखी काय सांगणार!

२३ फेब्रुवारी

ज्या माणसाला स्वतःचे मोजे कुठे आहेत हे रोज मला विचारावं लागायचं, तो म्हणे घटस्फोट घेणार होता. मोजे कुणाला विचारणार होते?

हसू आलं. मग बराच वेळ भांडी घासली. होती त्यापेक्षा जास्त घासली.

सोडून जाणार होते याचं दुःख एक वेळ पचेल. परक्या बाईपाशी मन मोकळं केलं आणि माझ्यापाशी नाही, हे पचत नाही. मी काय खाल्लं असतं का?

२६ फेब्रुवारी, गुरुवार

वन्सं सकाळीच आल्या. एकट्या, बॅग घेऊन. दारातच म्हणाल्या, "वकीलबाईकडे काम माझं आहे, वहिनी. दादा नुसता सोबतीला यायचा, बाहेर बाकावर बसायचा. माझा फोन आमच्याकडे रोज तपासला जातो, म्हणून नंबर त्याचा दिला. वकीलबाईला विचारलं, तुम्हाला सांगू का. म्हणाली, गुपित तुमचं, ठरवा तुम्हीच."

मला का नाही सांगितलं दोघांनी?

"दादा म्हणायचा, हिला कळलं तर ही तडक जाऊन तुझ्या नवऱ्याला जाब विचारेल."

विचारलाच असता.

दुपारी भावजींचा फोन. "ती तिकडे आलीय का?"

"नाही हो," म्हटलं. "का? काय झालं?"

वन्सं आत गाढ झोपल्या आहेत.